शून्याकडचं टोक

१

जुन्या इमारती मोजायला दोन माणसं लागतात. एकानं टेपचं शून्याकडचं टोक भिंतीला टेकवून धरायचं, दुसऱ्यानं डबी उलगडत समोरच्या भिंतीपर्यंत जायचं आणि आकडा वाचायचा. ताई आकडा वाचायची, तिचा धाकटा भाऊ शून्य धरायचा. या कामात दोघांच्याही डोक्यात पांढरे केस आले, पण टोकांची अदलाबदल काही झाली नाही. "जन्मभर मी शून्यच धरलं," असं धाकटा चारचौघांत म्हणायचा आणि लोक हसले की हळूच ताईकडं बघायचा. ताई तेवढ्यापुरती ठार बहिरी व्हायची.

काम मूळचं त्यांच्या बाबांचं. टेपही त्यांचीच, पोलादी पट्टीची, चामड्याच्या गोल डबीतली, टोकाला पितळी कडी असलेली. जाड भिंतींपलीकडं हाक पोचत नाही आणि घसा बसतो तो वेगळाच, म्हणून बाबांनी पोरांना हिसक्यांची भाषा शिकवली होती. दोन हिसके म्हणजे 'धरलं'. मग डबीवाल्यानं आकडा वाचायचा आणि एक हिसका द्यायचा, म्हणजे 'सोड'. टेप ताणलेली असताना तोंड उघडायचं नाही असाही नियम होता, कारण बोलताना माणसाचा हात हमखास ढिला पडतो. लहानपणी अबोला धरला तरी ही दोघं दाराच्या दोन बाजूंना बसून, फटीतून दोरी घालून, याच भाषेत भांडायची.

लाल ठिपका टाकून अंतर सांगणारं यंत्र आता सगळ्यांकडं असतं, तसं ताईकडंही होतं. "जुन्या भिंती फुगलेल्या असतात, यंत्राला त्यातलं काय कळतंय," असं ती गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायची. ते खोटं नव्हतं. पण त्याहून खरं हे होतं, की यंत्राला दुसरं माणूस लागत नाही, आणि धाकट्याशिवाय काम करायची कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

आणि आता नेमका तोच निघाला होता. शहरातल्या एका मोठ्या कचेरीत त्याला बसून नकाशे तपासायची नोकरी लागली होती. हातातली मोजणी संपली की तो बस धरणार होता. त्यानं हे सांगितलं तेव्हा ताईच्या तोंडातून बाहेर पडलं ते असं: "बरं झालं बाई, एकदाचा मार्गी लागलास." त्यानंतर रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगायचंच, जाऊ नकोस म्हणून. रोज संध्याकाळी ते तसंच गिळून झोपायची. ताईचा स्वाभिमान मोठा होता आणि त्याचा उपयोग आजवर कुणालाच झाला नव्हता.

२

ही शेवटची मोजणी होती गावातल्या जुन्या टप्प्याची. रेल्वे यायच्या आधी लांबचा प्रवास घोडागाडीनं व्हायचा, आणि दमलेले घोडे सोडून ताजे जुंपायला वाटेत ठिकठिकाणी असे टप्पे असायचे. उतारूंनी तिथं उतरायचं, आखडलेले पाय मोकळे करायचे, तोंडावर पाणी मारायचं आणि पुढच्या गाडीची वाट बघत बसायचं. या गावचा टप्पा अजून उभा होता. पुढं मोठी बैठकीची खोली आणि तिच्यात तिकिटाची लाकडी खिडकी, बाजूला उतारूंना पडायला एकीतून दुसरीत जाणाऱ्या लहान खोल्यांची रांग, आणि बैठकीच्या मागच्या अंगाला, तबेल्याला चिकटून, एकच एक खोली. तिचं दार मागच्या अंगणात उघडायचं. नगरपालिकेला इथं वाचनालय करायचं होतं, त्यासाठी नकाशा हवा होता.

किल्ल्या गुरुजींकडं होत्या. गुरुजी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. हाताखाली वर्ग उरला नव्हता, म्हणून आता सापडेल त्याचा वर्ग घ्यायचे.

"ही खिडकीची फळी बघा," ते म्हणाले. "मधे कशी खोलगट झालीय? कोपरं टेकून टेकून! आणि ही भिंत. बाकाच्या वर खांद्याइतक्या उंचीवर हात फिरवा. गुळगुळीत लागते की नाही? माणसांच्या पाठींनी घासून घासून झालीय ती. गाडीला सहा घोडे असायचे, सहा!"

"काल चार म्हणालात," धाकटा म्हणाला.

"चढावर सहा," गुरुजी जराही न डगमगता म्हणाले.

ताईला अशा जागा आवडायच्या. कुणी काय बांधलं यापेक्षा लोकांनी काय झिजवलं हे बघण्यात तिचा जीव रमायचा. पायरी कुठल्या बाजूला झिजलीय, दाराची कडी कुठल्या हाताची आहे, बाकाच्या कुठल्या टोकाला लोक जास्त बसायचे, हे ती बोटांनी चाचपून सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर निघायची. या बैठकीत तिला सगळ्यात नवल वाटलं ते मागच्या भिंतीतल्या भोकाचं. छातीच्या उंचीवर, मूठ जाईल एवढं गोल भोक, भिंतीतून आरपार मागच्या खोलीत गेलेलं.

"हवेसाठी," गुरुजींनी निकाल दिला. "आमचा न्हावी म्हणतो शेगडीच्या नळीसाठी. त्याचं डोकं दुसऱ्यांच्या डोक्यात गेलेलं आहे, तुम्ही मनावर घेऊ नका."

ताईनं भोकाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथं एक बारीक, गुळगुळीत खाच होती.

"दोरी होती इथं," ती म्हणाली. "मागच्या खोलीत कोण झोपायचं?"

"ज्यांना गाडीत जागा मिळायची नाही ते. दुसऱ्या गाडीपर्यंत तिथंच थांबायचे."

"मग त्यांना उठवायला असणार. गाडी जुंपली की इकडून दोरीला हिसका द्यायचा. तिकडचं टोक थांबलेल्याच्या हातात."

"पुरावा काय?" गुरुजींचा चेहरा पडला होता. इतकी वर्षं रोज बघितलेल्या भोकावर कुणीतरी उपऱ्यानं येऊन हक्क सांगितला होता.

"खाच आहे की."

धाकटा हसला. "म्हणजे आपल्या बाबांची भाषा इथं आधीपासूनच चालत होती म्हणायची!" तो म्हणाला, आणि सामानाची पिशवी खांद्यावर टाकून आतल्या खोल्यांकडं वळला.

३

त्या दिवशी त्यांनी खोल्यांची रांग मोजायला घेतली. सगळ्या खोल्यांची दारं एका ओळीत होती, म्हणून टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लावता येत होती. शेवटच्या खोलीच्या खिडकीला फळ्या ठोकल्या होत्या. धाकटा कडी घेऊन आत गेला आणि अंधारात दिसेनासा झाला. ताई पहिल्या खोलीच्या भिंतीशी डबी धरून उभी राहिली.

थोड्या वेळानं दोन हिसके आले.

आता, धाकट्याचे हिसके ताईला झोपेतही ओळखू आले असते. तो दोन्ही एकदम द्यायचा, उरकून टाकल्यासारखे. हे तसे नव्हते. पहिला हिसका आला, मधे जरा अंतर पडलं, मग दुसरा आला. नवी भाषा शिकणारा माणूस शब्द आठवून आठवून बोलतो तसं काहीतरी. ताईला गंमत वाटली. तिनं टेप ओढून बघितली तर ती तारेसारखी ताठ. एवढ्या लांबीला टेपला मधे झोळ पडतोच, आणि धाकट्याकडं तर तो हमखास पडायचा. "जरा जीव लावून धर की रे," हे वाक्य ती दिवसातून कितीदा म्हणायची त्याला गणती नव्हती. आज झोळ नावालाही नव्हता.

तिनं आकडा लिहिला, एक हिसका दिला, टेप गुंडाळली आणि दारादारांतून शेवटच्या खोलीकडं गेली. धाकटा तिथल्या मागच्या दारानं अंगणातून आत येत होता.

"आज काय खाऊन आलास?" ती खुशीत म्हणाली. "इतकी घट्ट कधी धरली नव्हतीस."

धाकट्याचा चेहरा एकदम ओशाळा झाला. "टोमणे नको मारूस. कडी भिंतीतल्या खिळ्याला अडकवून गेलो होतो. नव्या कचेरीतून फोन आला."

"आणि हिसके?"

"कसले हिसके?"

"दोन हिसके आले मला."

"अडकवताना बसली असेल एखादी ओढ. सांगायला हवं होतं मी, चुकलंच."

ताईनं मान डोलावली. टेपला स्वतःचा ताण असतो, ती कुठं घासते, कुठं सुटते. हाताला काहीही वाटू शकतं. नव्या कचेरीचं नाव निघालं म्हणून तिचं डोकं तसंही ठिकाणावर नव्हतं. तो पुढं गेल्यावर तिनं खिळा शोधला. खिळा होता, धाकटा खोटं बोलत नव्हता. तिनं तो सहज चिमटीत धरला आणि तो तिच्या हातात आला. भिंतीचा चुना इतका भुसभुशीत होता की त्या खिळ्यानं टोपीचंसुद्धा वजन पेललं नसतं.

मग टेप ताठ राहिली कशी, हा प्रश्न तिनं खिळ्याबरोबर कनवटीला खोचला. दुपारभर काम करताना तो तिला टोचत राहिला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मागची खोली तेवढी उरली होती. ती झाली की नकाशा पुरा, आणि धाकटा मोकळा.

बेत सोपा होता. बैठकीतल्या भोकातून कडी पलीकडं सोडायची. धाकट्यानं अंगणाला वळसा घालून खोलीत जायचं, कडी उचलायची, आधी समोरच्या भिंतीला लावायची, मग डाव्या कोपऱ्याला, मग उजव्या. भोकाशी तीन आकडे मिळाले की भिंतीच्या जाडीसकट खोलीचा आकार कागदावर बसवता येतो. धाकटा किल्ल्यांचा जुडगा घेऊन गेला. त्याला पुरेसा वेळ देऊन ताईनं कडी भोकात सरकवली आणि टेप हळूहळू आत ढकलली.

कडी पलीकडं जमिनीवर पडल्याचा आवाज येईल म्हणून ती कान देऊन होती. आवाज आला नाही. टेपच आपण होऊन आत जायला लागली.

'चपळाई बघा साहेबांची,' ताई मनाशी म्हणाली. 'शेवटच्या दिवशी.'

पट्टी सरकत राहिली आणि थांबली. एक हिसका आला, अंतर गेलं, दुसरा आला. आज पुन्हा तीच नवी लकब. काल टोचून बोलल्याचा हा परिणाम असणार, असं तिनं धरलं. आकडा वाचला, एक हिसका दिला. टेप सैल झाली, बाजूला सरकली, पुन्हा ताठ झाली. दोन हिसके. डावा कोपरा. मग उजवा. जरासुद्धा झोळ नाही, जरासुद्धा घाई नाही. बाबा असते तर त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला असता.

तिनं वाकून भोकाला डोळा लावला. पलीकडं अंधार होता, पण छपरात कुठं फट असावी, कारण भोकाच्या दुसऱ्या तोंडाशी उजेडाचा एक मळकट ठिपका दिसत होता. बघता बघता तो ठिपका झाकला गेला. कुणीतरी पलीकडून जवळ येऊन उभं राहिलं होतं. कालच्यासारखी कडी अडकवून धाकटाही डोळा लावून बघतोय हे तिच्या लक्षात आलं आणि लहानपणी दाराच्या फटीतून दाखवायची तशी तिनं त्याला जीभ काढून दाखवली.

पलीकडून हसू आलं नाही. फक्त टेप हातात अलगद हलली.

आणि तिथं ताईचा बांध फुटला. समोर तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल. मधे हातभर जाड भिंत होती म्हणूनही असेल. टेप ताणलेली असताना बोलायचं नाही हा बाबांचा नियम तिनं जन्मात पहिल्यांदा मोडला.

"ऐक," ती भोकाशी तोंड नेऊन म्हणाली. "बोलू नकोस, नुसतं ऐक. बरं झालं म्हणाले ना मी, ते खोटं होतं. मला काही बरं वाटलेलं नाही. तू जायचं ठरवलंस तेव्हापासून घास उतरत नाहीये माझ्या घशाखाली. दुसरं कुणी नको मला त्या टोकाला. जाऊ नकोस रे. राहा माझ्याबरोबर. जिथं जाईन तिथं चल."

बोलून झाल्यावर तिचे कान तापले. भिंतीला कपाळ टेकून ती उभी राहिली. पलीकडं बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक हिसका आला. मधे नेहमीपेक्षा मोठं अंतर गेलं. मग दुसरा.

धरलं.

ताई रडली आणि हसली, दोन्ही एकदम. पदरानं तोंड पुसून तिनं 'सोड' म्हणून हिसका दिला. टेप एरवी खडखड करत, आपटत परत यायची. आज ती शांतपणे येत राहिली, कुणीतरी टोक हातात धरून भोकापर्यंत चालत आणावं तशी. कडी बाहेर आली तेव्हा ती कोमट लागली.

५

"ताई!"

हाक पुढच्या दारातून आली. ताई वळली. धाकटा पायरीवर उभा होता, त्याच्या मागं गुरुजी, आणि गुरुजींच्या हातात जुन्या फोटोंचा गठ्ठा.

"ते कुलूप काही उघडत नाही," धाकटा म्हणाला. "सगळ्या किल्ल्या लावून बघितल्या. शेवटी गुरुजींकडं गेलो, म्हटलं आणखी एखादी किल्ली असेल."

"थट्टा पुरे," ताई म्हणाली. ती अजून हसतच होती.

"थट्टा कसली? मघापासून माझ्याकडंच आहे तो," गुरुजी म्हणाले. "चहा घेतला, फोटो बघितले. किल्ली काही माझ्याकडं नाही. ती खोली मी स्वतःही आतून बघितलेली नाही, खरं सांगायचं तर."

ताईनं भावाच्या तोंडाकडं बघितलं. त्याला खोटं बोलता येत नाही, त्याचे कान लाल होतात. कान लाल नव्हते. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कसं उतरवावं हे तिला कळेना, तेव्हा ती खाली वाकून उगाचच पिशवी आवरायला लागली.

तिनं नीट विचार केला. विचार करणं हे तिचं कामच होतं. उंदीर असेल, उंदीर टेप ओढतो, पण कोपऱ्यात नेऊन धरत नाही. टेप कुठंतरी अडकली असेल. मग सुटली कशी, आणि तीन वेळा? हाताला भास झाला असेल. हे सगळ्यात सोयीचं होतं. पण कागदावर तीन आकडे होते. भास असेल तर खोली त्या आकड्यांत बसणार नाही. हे तपासता येण्यासारखं होतं, आणि तपासता येईल अशी गोष्ट न तपासता सोडणं ताईच्या स्वभावात नव्हतं. भीती वाटत होतीच. पण खरं सांगायचं तर तिला त्याहून जास्त उत्सुकता होती.

"कुलूपवाल्याला बोलवा," ती म्हणाली.

कुलूपवाला दुपारी आला. त्यानं कुलपाकडं बघून नाक मुरडलं, तेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, शेवटी कोयंडाच उचकटला. दार कुरकुरत आत गेलं.

खोलीत काहीच नव्हतं. एका भिंतीला लागून लाकडी बाक, छपराच्या फटीतून आलेली उजेडाची एक तिरीप, आणि जमिनीवर साय धरावी तशी अखंड धूळ. तिच्यावर पाऊल काय, उंदराचा मागसुद्धा नव्हता. धाकट्यानं आत पाय ठेवला तेव्हा त्याचा ठसा तिथला पहिला ठसा ठरला.

ताई दारातच उभी राहून बाकाकडं बघत होती. बाकावरही तशीच धूळ होती. फक्त भोकाजवळच्या टोकाला, एका माणसाला बसायला लागते तेवढी जागा स्वच्छ होती. लाकूड तिथं चमकत होतं. कुणी आत्ता उठून गेलं असावं असं.

"वा!" गुरुजी आनंदानं म्हणाले. "मूळ बाक! अगदी मूळचा!"

"शून्य धर," ताई धाकट्याला म्हणाली. आवाज साधा ठेवायला तिला कष्ट पडले.

त्यांनी खोली आतून, भोकाच्या तोंडापासून, मोजली आणि भिंतीची जाडी मिळवली. समोरची भिंत, डावा कोपरा, उजवा कोपरा. धाकट्यानं कागद बघितला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"हे तर आधीच लिहिलेलं आहे."

"अंदाज केला होता," ताई म्हणाली.

"अंदाज? तिन्ही आकडे तंतोतंत? मी नसताना?"

ताईनं पेन्सिल पिशवीत टाकली. धाकट्यानं कागद घडी करून परत तिच्या हातात दिला, फार नीट घडी करून. "छान," तो म्हणाला. "म्हणजे जमतं तुला." मग तो टेप गुंडाळत बसला आणि संध्याकाळपर्यंत कामापुरतंच बोलला.

६

बसथांब्यावर दोघं वेळेच्या खूप आधी पोचली. बाकांवर गर्दी होती. गाठोडी, ट्रंका, पाय पसरून झोपलेली माणसं. त्यांना खांबाजवळ उभं राहायला जागा मिळाली. धाकट्यानं मोजणीची पिशवी सवयीनं स्वतःच्याच खांद्यावर घेतली होती.

ताई शब्द जुळवत होती. एकदा म्हटलं होतं, म्हणजे पुन्हा म्हणता यायला हवं होतं. पण तोंड उघडलं की भोकापलीकडचा तो झाकलेला ठिपका डोळ्यांसमोर यायचा आणि जुळवलेलं सगळं विस्कटायचं. जे आतून यायचं होतं ते सगळं त्या भिंतीत सांडून गेलं होतं.

"जेवणाच्या वेळा पाळ," ती म्हणाली.

"हं."

"तिथं काम नाही आवडलं तर..."

"तर काय?"

"काही नाही. कळव."

बस आली. लोक उठले, ढकलाढकली सुरू झाली. धाकट्यानं पिशवी खांद्यावरून काढून ताईला दिली. पायरीवर एक पाय ठेवून तो वळला.

"एक विचारू? रागावू नकोस. इतके दिवस एकदा तरी म्हणशील वाटलं होतं, जाऊ नकोस म्हणून. त्या खोलीपर्यंत वाट बघत होतो मी. तू म्हणाली असतीस ना, राहिलो असतो. मग ते आकडे बघितले, आणि कळलं की माझ्यावाचून काही अडत नाही तुझं."

"म्हणाले होते मी," ताईच्या तोंडून निघून गेलं.

"कधी?"

मागचा माणूस घाई करत होता. "चला, आत चला," वाहक ओरडला. धाकट्यानं क्षणभर वाट बघितली, मग तिच्या हातावर थोपटल्यासारखं केलं आणि आत गेला. दार लागलं. "धाकट्या, उतर!" असं ताई ओरडली, खरोखर ओरडली, चारचौघांत, पण तोवर बस वळणावर गेली होती आणि खिडकीत त्याचं डोकं ओळखू येत नव्हतं.

थांबा बराचसा रिकामा झाला. ताईचे डोळे भरून आले होते. रुमाल काढायला तिनं पिशवीत हात घातला, तर हाताला टेपची डबी लागली. डबी हलकी होती. पट्टी तिच्यातून बाहेर निघाली होती, पिशवीच्या तोंडातून मागं गेली होती, आणि ताठ होती.

तिच्या मनगटाला हिसका बसला. मधे अंतर पडलं. मग दुसरा बसला.

ताई सावकाश मागं वळली. पट्टी रिकाम्या बाकांच्या वरून सरळ, जराही झोळ न पडता, थांब्याच्या दुसऱ्या टोकाच्या खांबापर्यंत गेली होती. खांबामागं कोण होतं ते दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त कडेला आलेली बोटं. त्यांनी कडी खांबाला अगदी व्यवस्थित टेकवून धरली होती, शिकवल्यासारखी.

तिनं डबी दोन्ही हातांत घट्ट धरली आणि एक हिसका दिला. सोड.

बोटं हलली नाहीत. थोडा वेळ गेला. मग तेवढंच अंतर ठेवून, शांतपणे, दोन हिसके आले.